दिवाळीला मुलांकडे जर्मनीला: खान्देशातून पहिल्यांदा निघणाऱ्या आई-वडिलांसाठी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि दिवाळीला लेकी माहेरी येतात, ही आपल्या खान्देशाची रीत आहे. मुलगा-सून किंवा लेक-जावई जर्मनीत नोकरीला असले की हा प्रवास उलटा होतो. त्यांना रजा मिळत नाही, नातवंडांची शाळा बुडवता येत नाही, आणि मग आई-वडीलच फराळाचे डबे बांधून निघतात. आम्ही दोघे पहिल्यांदा स्टुटगार्टला मुलाकडे गेलो तेव्हा सल्ला देणारे पुष्कळ भेटले, पण कोणते काम कोणत्या कामाच्या आधी करायचे हे क्रमाने सांगणारे कोणी भेटले नाही. तो क्रम येथे मांडला आहे. उदाहरण जर्मनीचे असले तरी नव्वद दिवसांचा हिशेब, विम्याची अट आणि खाद्यपदार्थांचे नियम शेंगेन गटातील, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांपैकी, बहुतेक देशांत सारखेच आहेत.

१. आधी सणाची तारीख, मग मागे मोजत या

२०२६ साली लक्ष्मीपूजन रविवारी, ८ नोव्हेंबरला आहे. तेथून मागे मोजायला लागावे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि किमान पंधरा दिवस आधी करता येतो. निर्णय साधारण पंधरा दिवसांत होतो, मात्र एखाद्या अर्जाला पंचेचाळीस दिवसही लागू शकतात, आणि दिवाळीच्या तोंडावर अर्ज देण्यासाठी भेटीची वेळच लवकर मिळत नाही. म्हणून पासपोर्ट मे महिन्यापर्यंत हातात असावा, मुलाने तिकडची कागदपत्रे जूनअखेर मिळवावीत आणि अर्ज जुलैत किंवा फार तर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात द्यावा.

परतीची तारीख ठरवताना एक चूक हमखास होते, आणि आमच्याकडूनही ती होता होता राहिली. व्हिसा ‘तीन महिन्यांचा’ असतो असे आपण सहज म्हणतो. नियम मात्र कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस असा आहे, आणि पोहोचण्याचा व निघण्याचा असे दोन्ही दिवस त्यात धरले जातात. १५ ऑक्टोबरला उतरून १५ जानेवारीला निघालात तर ते ९३ दिवस होतात. या उदाहरणात शेवटचा दिवस १२ जानेवारी येतो. बोटांवर महिने मोजू नयेत, कॅलेंडर समोर घेऊन एकेक दिवस मोजावा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेऊन संगणकावर नोंद करण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे हे दिवस आता यंत्रच मोजते आणि ‘शिक्का पुसट होता’ ही सबब चालत नाही.

व्हिसावर किती दिवस लिहिले आहेत तेही पाहावे. मागितले तेवढे दिवस मिळतीलच असे नसते, आणि व्हिसा वैध असण्याचा काळ व राहण्याचे दिवस हे दोन वेगळे आकडे असतात.

२. पासपोर्ट: नाव आणि जन्मतारीख

अर्ज पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर भरायचा असतो. नाशिकला पासपोर्ट सेवा केंद्र आहे, शिवाय काही टपाल कार्यालयांतही केंद्रे आहेत. आपल्याला सोयीचे कोणते ते अर्ज भरतानाच निवडता येते. छत्तीस पानांच्या नव्या पासपोर्टचे साधे शुल्क १,५०० रुपये असून साठीच्या पुढच्यांना त्यात दहा टक्के सूट मिळते.

खरी अडचण शुल्काची नसून कागदांवरच्या नावांची असते. आमच्या पिढीत बायकांच्या शाळेच्या दाखल्यावर नावापुढे ‘बाई’ असते, आधारवर नसते, बँकेत माहेरचे आडनाव राहून गेलेले असते आणि पॅन कार्डावर इंग्रजी स्पेलिंग चौथेच असते. पुरुषांच्या नावात ‘राव’ किंवा ‘भाऊ’ असाच कुठे येतो, कुठे गळतो. जन्मतारखेचे तर विचारूच नये. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकलेली आणि आधारवर त्याच सालाची १ जानेवारी पडलेली, अशी माणसे प्रत्येक गावात डझनाने आहेत. आमच्या घरातही असेच निघाले, आणि केंद्रावरून एकदा हात हलवत परत यावे लागले. त्यामुळे अर्ज भरण्याआधी सर्व ओळखपत्रे एका ओळीत मांडून नाव, आडनाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि जन्मतारीख अक्षरशः ताडून पाहावी, आणि फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करून मगच पुढे जावे. पासपोर्टवर जे स्पेलिंग येईल तेच विमा, तिकीट आणि व्हिसा या सर्वांवर यायला हवे.

जुना पासपोर्ट असेल तर तो गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा, युरोपातून निघण्याच्या दिवसानंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत.

३. मुलाने तिकडे करायचे काम

आई-वडिलांच्या राहण्याखाण्याचा आणि गरज पडल्यास दवाखान्याचा खर्च आपण करू, असे औपचारिक हमीपत्र मुलगा किंवा मुलगी जर्मनीतील परदेशी नागरिक कार्यालयातून देऊ शकते. जर्मनमध्ये त्याला ‘फर्फ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग’ म्हणतात. उच्चार जमला नाही तरी बिघडत नाही, कागद मूळ प्रतीत हवा. त्याचे शुल्क एका हमीपत्रामागे २९ युरो आहे आणि मुलाला पगाराच्या अलीकडच्या पावत्या व घराचा भाडेकरार दाखवावा लागतो. मोठ्या शहरांत या कार्यालयाची वेळ मिळायलाच काही आठवडे जातात. मात्र फार आधीही काढून ठेवू नये, कारण हमीपत्र दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत व्हिसासाठी वापरावे लागते. हा मूळ कागद कुरिअरने भारतात यायचा आहे, तेव्हा ते दिवसही हिशेबात धरावेत.

४. व्हिसाची फाइल

महाराष्ट्रातील अर्जदारांनी अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर स्वतः जाऊन द्यायचा असतो, कारण बोटांचे ठसे तेथेच घेतले जातात. हे ठसे ५९ महिने चालतात, म्हणजे त्या काळात पुन्हा अर्ज केला तर सहसा नव्याने द्यावे लागत नाहीत. शेतात राबलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, हा रेशनच्या दुकानातला अनुभव अनेकांना असेल. आठवडाभर आधीपासून रोज रात्री हातांना खोबरेल तेल चोळावे आणि त्या दिवशी सकाळी मात्र हात साबणाने स्वच्छ धुऊन जावे.

फाइलमध्ये पुढील कागद याच क्रमाने लावावेत:

– सही केलेला अर्ज आणि ३५ × ४५ मिलिमीटरची दोन अलीकडची छायाचित्रे
– पासपोर्ट, जुना असल्यास तोही, आणि दोन्हींच्या प्रती
– कोण, कशासाठी, किती दिवस जाणार हे सांगणारे एका पानाचे पत्र
– मुलाचे निमंत्रणपत्र, मूळ हमीपत्र, त्याच्या पासपोर्टची व निवास परवान्याची प्रत
– नाते सिद्ध करणारा कागद, म्हणजे मुलाचा जन्मदाखला किंवा पालकांची नावे असलेला त्याचा पासपोर्ट
– जाण्या-येण्याचे विमान आरक्षण
– प्रवास विम्याचे प्रमाणपत्र
– किमान तीन महिन्यांचे बँक विवरण, आणि पेन्शन किंवा आयकर विवरणपत्र

शेतकऱ्याकडे आयकर विवरणपत्र बहुधा नसते आणि येथे बरेच जण घाबरतात. घाबरण्याचे कारण नाही. सातबारा आणि आठ-अ ही आपली मिळकत दाखवणारी कागदपत्रे आहेत. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमी संकेतस्थळावरून १५ रुपयांत निघतो. मात्र तो मराठीत असल्याने त्याचे इंग्रजी भाषांतर सोबत जोडावे. केळीचे किंवा कापसाचे पैसे खात्यात जमा झाल्याच्या नोंदी असतील तर त्या विवरणात खुणा करून दाखवाव्यात. अर्ज देण्याच्या आठ दिवस आधी भावाकडून उसने घेऊन खात्यात दोन लाख भरण्याचा सल्ला कोणी दिला तर तो अजिबात ऐकू नये. अचानक आलेली मोठी रक्कम पाहणाऱ्याच्या लगेच डोळ्यात भरते आणि तिचा खुलासा आपल्यालाच करावा लागतो. या साऱ्या कागदांतून त्यांना एवढेच पाहायचे असते की तुमचे घर, शेती आणि माणसे येथे आहेत आणि तुम्ही परत येणार आहात.

व्हिसाचे शुल्क प्रौढ व्यक्तीमागे ९० युरो असून केंद्राचा सेवाखर्च वेगळा असतो. व्हिसा नाकारला गेला तर शुल्क परत मिळत नाही, म्हणून पक्के तिकीट व्हिसा हातात आल्यावरच काढावे. तोपर्यंत नुसते आरक्षण पुरते.

५. विमा, औषधे, पैसे

विमा किमान ३०,००० युरोंचा, संपूर्ण शेंगेन क्षेत्रात चालणारा आणि प्रवासाचे सर्व दिवस व्यापणारा हवा. रक्तदाब आणि साखर आधीपासून असेल तर त्यासंबंधीचे कलम स्वतः वाचावे, कारण स्वस्त पॉलिसीत आधीच्या आजारावरचा खर्च बहुधा वगळलेला असतो. नेहमीची औषधे पूर्ण मुक्कामाला पुरतील इतकी घ्यावीत, ती हातातल्या पिशवीत ठेवावीत आणि डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावे असलेली इंग्रजी चिठ्ठी घ्यावी. तिकडे औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय रक्तदाबाची गोळी मिळत नाही.

पैशांचा भाग सोपा आहे. दोघांत मिळून दोनशे-तीनशे युरो रोख आणि एक फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवलेले कार्ड, एवढे पुरे होते.

६. सामान: केळी चालतात, वांगी नाही

आता मुख्य प्रश्न, म्हणजे काय काय न्यायचे. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दूध किंवा दुधाचे पदार्थ सोबत आणता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, खवा, पनीर आणि घरचे साजूक तूप हे सगळे येथेच राहते. तुपासाठी हळहळण्याचे कारण नाही. तिकडे दुकानात बिनमिठाचे लोणी चांगले मिळते, ते कढवले की आपल्यासारखे रवाळ तूप होते, आणि ‘बटरश्माल्त्स’ नावाचे तयार तूपही मिळते. बेसनाचे लाडू म्हणून तिथेच करावेत. येथून फक्त भाजलेले बेसन न्यावे.

ताजी फळे, भाज्या, फुले, कढीपत्ता आणि पेरणीचे बियाणे यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, जे आपल्यासारख्या प्रवाशाकडे नसते. या नियमातून पाच फळांना सूट आहे: अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला, दोन्हींना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण जर्मनीच्या दारात केळीला वाट मोकळी आहे आणि वांगे अडते. अर्थात रावेर-यावलच्या केळीचा घड घेऊन कोणी विमानात बसेल असे नाही, तरी नातवासाठी चार केळी पिशवीत असली तर गुन्हा ठरत नाही. वांग्याचे बी गच्चीतल्या कुंडीत लावायला न्यावे, हा मोह मात्र टाळावा.

बिनधोक नेण्यासारखे बरेच आहे. कळण्याचे पीठ, उडदाचे पापड, कुरडया, ज्वारीचे बिबडे, काळा मसाला, शेवभाजीची जाड तिखट शेव, तेलातला चिवडा आणि चकली हे सगळे चालते. बिबडे मोडतात, म्हणून ते स्टीलच्या डब्यात उभे न लावता आडवे, मध्ये कागद घालून रचावेत आणि डबा साडीच्या घडीत बसवावा. आमचे नेहमी असेच शाबूत पोहोचतात. पिठाच्या आणि मसाल्याच्या पुड्यांवर काय आहे ते इंग्रजीत लिहून चिकटवावे, म्हणजे तपासणीत पुडी फोडण्याची वेळ येत नाही. लोणचे दुहेरी पिशवीत बांधून मोठ्या बॅगेतच टाकावे, कारण हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठी पातळ वस्तू चालत नाही. आणि मसाल्यासाठी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घेऊ नयेत. खोबरे तेलकट असल्यामुळे पेट घेणाऱ्या वस्तूंत धरले जाते आणि मुंबई विमानतळावर ते बॅगेतून काढून टाकायला लावतात. आमच्या पाव किलो वाट्या तशाच गेल्या, आणि त्या काढण्यासाठी चहूबाजूंनी सुतळीने बांधलेली बॅग सर्वांदेखत सोडावी लागली. बॅग सुतळीने बांधू नये, हा त्यातला दुसरा धडा.

फटाके आणि फुलबाज्या विमानात कोठेही चालत नाहीत.

वजन घरीच करून घ्यावे. मोठ्या बॅगेची मर्यादा बहुधा २३ किलो असते, पण ती तिकिटावर लिहिलेली असते आणि तीच खरी धरावी.

७. मुंबई गाठणे आणि पुढे

मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारखेचे रात्रीचे एक वाजून दहा मिनिटे लिहिलेले असेल तर विमानतळावर १४ तारखेच्या रात्री नऊपर्यंत पोहोचायचे असते. हे वाचताना सोपे वाटते, आणि तरीही दरवर्षी कोणी ना कोणी एक दिवस उशिरा पोहोचतो. जळगाव-भुसावळकडच्यांनी त्याच दिवसाच्या गाडीवर भिस्त ठेवू नये. गाडी तीन तास लेट झाली की पुढचे सारे कोसळते. आदल्या दिवशी येऊन कल्याण-ठाण्याकडे नातेवाइकांकडे मुक्काम करावा. मुख्य टर्मिनसपर्यंत जाण्यापेक्षा सामान घेऊन कल्याणला किंवा ठाण्याला उतरून टॅक्सी केलेली बरी पडते. धुळ्याकडून महामार्गाने गाडी करून येणाऱ्यांनी मुंबईच्या वेशीवरच्या कोंडीसाठी दोन तास जास्तीचे धरावेत.

गुडघे दुखत असतील किंवा इंग्रजीची धास्ती असेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मदत मागून ठेवावी. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत आणि सोबतचा माणूस इमिग्रेशनपासून विमानाच्या दारापर्यंत नेतो. यात कमीपणा काही नाही.

जर्मनीत उतरल्यावर अधिकारी तीन-चार प्रश्न विचारतो: कोणाकडे, किती दिवस, परतीचे तिकीट कुठे. मुलाचा पत्ता, हमीपत्राची प्रत, विमा आणि परतीचे तिकीट हातातल्या पिशवीत वर ठेवावे. वाटेत दुसऱ्या शेंगेन देशात विमान बदलत असेल तर ही तपासणी त्या पहिल्याच विमानतळावर होते, म्हणून दोन विमानांत किमान तीन तासांचे अंतर ठेवावे.

८. तिथली दिवाळी

जर्मनीत दिवाळीची सुटी नसते. लक्ष्मीपूजन रविवारी आले तर नशीब. एरवी घरची पूजा त्या दिवशी संध्याकाळी होते आणि मित्रमंडळींना बोलावणे जवळच्या शनिवारी असते. रविवारी दुकाने बंद असतात, तेव्हा सगळी खरेदी शनिवारी उरकावी. झेंडूची फुले मिळणे कठीण, म्हणून कापडी तोरण येथूनच न्यावे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळे एक तास मागे होतात आणि आपल्यात व त्यांच्यात साडेचार तासांचा फरक पडतो. गावी सायंकाळी सहाला आरती असेल तर ती स्टुटगार्टमध्ये दुपारी दीडला व्हिडिओवर दिसते. भाऊबंदांना आधीच वेळ सांगून ठेवावी, नाहीतर मुलगा ऑफिसात आणि इकडे सगळे फोन धरून बसलेले, असे होते.

फटाके ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी या दोनच दिवशी उडवता येतात, आणि सामान्य माणसाला ते विकलेही वर्षअखेरच्या मोजक्या दिवसांत जातात. रात्री दहानंतर शांतता पाळायची असते. गाणी, मोठ्याने हसणे आणि मुलांची पळापळ खालच्या मजल्यावरच्यांना ऐकू जाते. आमच्या सुनेने पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी खालच्या वयस्कर बाईंना चिठ्ठी आणि चकलीची वाटी नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः सफरचंदाचा केक घेऊन वर आल्या.

प्रत्येक घरात धूर ओळखणारी यंत्रे छताला लावलेली असतात, आणि खान्देशी स्वयंपाकाला ती मुळीच सरावलेली नसतात. शेवभाजीच्या तिखट फोडणीने आमच्याकडचे यंत्र असे काही किंचाळले की नातू रडायला लागला आणि मुलगा खुर्चीवर चढून ते टॉवेलने वारा घालून गप्प करत बसला. फोडणी घालताना खिडकी उघडी ठेवावी, अगरबत्ती यंत्राखाली लावू नये. भरिताला कपाशीच्या काड्यांचा जाळ तिथे नाही; तिकडची मोठी वांगी भट्टीत, म्हणजे ओव्हनमध्ये, पूर्ण आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटे ठेवून साल काळी होऊ द्यावी. चव शंभर टक्के येत नाही, पण हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात पुरेशी घातली की पाहुण्यांना फरक कळत नाही. बट्टीसाठी मात्र तोच ओव्हन आपल्या चुलीपेक्षा सरस आहे, आणि वरण-बट्टी वीस माणसांना एका वेळी वाढता येते. जर्मन पाहुण्यांसाठी वरणात तिखट कमी ठेवून ठेचा वेगळा द्यावा.

जर्मन मित्र सहाला बोलावले तर सहालाच येतात. त्यांना ‘सात-साडेसातपर्यंत या’ असे मोघम सांगू नये.

९. नाताळ

१५ ऑक्टोबरला गेलात तर नाताळही पदरात पडतो, आणि मुलांना खरी सुटी तेव्हाच असते. नोव्हेंबरच्या अखेरीपासून चौकाचौकांत नाताळचे बाजार भरतात. २४ डिसेंबरला दुकाने दुपारीच बंद होतात आणि २५ व २६ ला बंदच असतात, म्हणून दूध, भाजी आणि औषधे २३ पर्यंत घरात आणून ठेवावीत. २४ ची संध्याकाळ ते घरच्यांसोबत घालवतात. त्या दिवशी कोणाकडे न सांगता जाऊ नये. कोणी २५ किंवा २६ ला जेवायला बोलावले तर काय आणू असे विचारावे आणि सांगितले तेच न्यावे. आम्ही मांस खात नाही हे निमंत्रण स्वीकारतानाच सांगितले म्हणजे ताटासमोर अवघडल्यासारखे होत नाही.

१०. परत आल्यावर

विमानाचे बोर्डिंग पास, जुना विमा आणि हमीपत्राची प्रत फेकू नये. पुढच्या अर्जाला ती लावता येते. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी असा नियम झाला आहे की तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नियमाप्रमाणे वापरलेले असतील तर दोन वर्षांचा, आणि त्यानंतर पाच वर्षांचा अनेक वेळा जाण्याचा व्हिसा मिळू शकतो. आमचा दुसरा अर्ज याच फाइलवर झाला, आणि त्या वेळी आम्ही दिवाळीऐवजी आखाजी धरून गेलो, कारण एप्रिल-मेमध्ये थंडी कमी असते आणि बाल्कनीत झोका बांधता येतो.